अडीच इंचाचा बहुरूपी

मराठीत परीक्षण कशाचे होत नाही? नाटकाचे होते, सिनेमाचे होते, गाण्याच्या मैफलीचे होते, आणि दिवाळी अंकाचे तर तो अंक हाती येण्याच्या आधीपासून होते. आमच्या अमरावतीत लग्नातल्या वांग्याच्या भाजीचे परीक्षण पंगत उठायच्या आत पुरे होते. आणि ते करणारा गृहस्थ तिसऱ्यांदा भाजी वाढून घेतल्याशिवाय मत देत नाही, इतका तो आपल्या कामाशी प्रामाणिक असतो. उपेक्षित राहिले आहे ते एक खेळणे. वास्तविक माणसाच्या हाती पुस्तक यायच्या कितीतरी आधी खेळणे येते. तो ते हुंगतो, चावतो, आपटतो, उघडून आत काय आहे ते पाहतो. इतक्या जवळून पुढे आयुष्यात आपण एकही कलाकृती पाहत नाही. पुस्तक न वाचता त्याचे परीक्षण करता येते, हे आता सर्वमान्य झाले आहे. पण खेळणे मोडल्याशिवाय त्याचे परीक्षण करता येत नाही. म्हणूनच बहुधा टीकाकार त्या वाटेला जात नसावेत.

मी जाणार आहे. परीक्षणासाठी पुढे आहे ते एक रूपे पालटणारे यंत्रमानवाचे खेळणे. आकार अडीच इंच. किंमत साठ रुपये, घासाघीस करून पन्नास. बांधणी खिळखिळी. मुखपृष्ठ, म्हणजे मागच्या पुठ्ठ्यावरचे चित्र, आतल्या मजकुराशी फारसा संबंध नसलेले, म्हणजे मराठी कादंबरीच्या परंपरेला धरूनच. प्रकाशकाचे नाव नाही. विषय एवढाच, की मोटारीचा माणूस होतो आणि माणसाची मोटार होते.

हे मी अकोल्याला घेतले. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावड-पालखी असते. गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून पोरे अनवाणी निघतात आणि राजराजेश्वराला घालतात. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना पिपाण्या, फुगे, गॉगल आणि प्लास्टिकच्या तलवारी यांची रांग लागलेली असते. माझी ताई अकोल्याला असते. तिचा नातू गोलू, वय वर्षे सात, पोळ्यासाठी माझ्याबरोबर अमरावतीला यायचा होता. त्याने अख्खी रांग पाहिली, तलवारीकडे ढुंकूनही बघितले नाही, आणि या अडीच इंचाजवळ येऊन उभा राहिला. ताई म्हणाली, "काय दिसलं रे तुले त्याच्यात?" गोलू म्हणाला, "आजी, हा बदलते." एवढ्या थोडक्या शब्दांत आशय सांगणारा समीक्षक मी तरी पाहिलेला नाही.

आता परीक्षणाच्या रीतीप्रमाणे लेखकाचा परिचय. या खेळण्याचे घराणे जपानी. ताकारा नावाच्या कंपनीने १९८० मध्ये 'डायाक्लोन' नावाची खेळणी काढली आणि १९८२ पासून त्यांत खऱ्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या, पण उभ्या राहिल्या की माणूस होणाऱ्या गाड्या आल्या. अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने ही आणि ताकाराचीच आणखी काही खेळणी उचलली, त्यांना एक गोष्ट चिकटवली आणि १९८४ मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने बाजारात आणली. त्याच सुमाराला बांदाई या दुसऱ्या जपानी कंपनीची 'मशीन रोबो' नावाची छोटी खेळणी होती, किंमत सहाशे येन. ती अमेरिकेत टोंका कंपनीने 'गोबॉट्स' म्हणून विकली. १९९१ मध्ये हॅस्ब्रोने टोंकाच विकत घेतली. म्हणजे मोटारीचा माणूस करणाऱ्या एका कंपनीचे रूपांतर दुसऱ्या कंपनीत झाले, आणि हे रूपांतर पुन्हा उलटे फिरवता येत नाही, हा त्यातला दोष.

या घराण्यातले सगळ्यांत गोड पात्र म्हणजे बंबलबी. १९८४ साली हा पिवळ्या फोक्सवॅगन बीटलचा होत असे. बुटका, गोल, खिशात मावणारा. आणि स्वस्तातल्या, लहानांतल्या लहान खेळण्यांपैकी एक. २००७ मध्ये तो सिनेमात गेला आणि एकदम कॅमॅरो झाला. लांब नाक, काळे पट्टे, अंगात तोरा. मूर्तिजापूरचा पोरगा मुंबईला गेला की पहिल्या दिवाळीला जो होऊन येतो, तसा. पुढे २०१८ च्या सिनेमात त्याला पुन्हा बीटल करण्यात आले आणि माझ्यासारख्यांच्या जिवात जीव आला. पोरगा गावी परतला म्हणायचा.

आमचा गोलूचा जो आहे, तो या कुठल्याच घराण्याचा नाही. तो ट्रकासारखा आहे, जीपसारखाही आहे, आणि मागून पाहिले तर ऑटोरिक्षा वाटतो. पण मूळ ग्रंथापेक्षा त्याच्या स्वस्त आवृत्तीवरच वाचकांच्या पिढ्या वाढतात. तेव्हा परीक्षण मी त्याचेच करणार.

आधी रूपांतर या प्रकाराविषयी. जपान्यांनी हे शोधून काढले असे आपण समजतो, पण आमच्याकडे बहुरूपी दारात येत होता तेव्हा जपानात प्लास्टिकही नव्हते. तो पोलीस होऊन यायचा, खोटे वॉरंट वाचायचा, घरातल्या म्हाताऱ्याला धमकावून लग्नाला चला म्हणायचा. म्हाताऱ्याला ठाऊक असायचे की हा पोलीस नाही. बहुरूप्यालाही ठाऊक असायचे की म्हाताऱ्याला ठाऊक आहे. खऱ्या पोलिसाला पाहून कुणाला आनंद होतो? आणि पोशाख उतरवलेल्या बहुरूप्याला तर कुणी ओळखतही नाही. मजा त्या दोघांच्या मधल्या सांध्यात आहे. खेळण्याचे खेळमूल्य मोजायचे ते तिथेच, असा माझा सिद्धांत आहे.

हा सिद्धांत मी उगाच मांडत नाही. गोलूच्या एका मामाने त्याला मागे एक मोठे रूपपालटू खेळणे आणून दिले होते. चांगले हातभर. बरोबर सूचनांचा कागद, त्यावर चौतीस चित्रे, बाण, वर्तुळे. पहिले नऊ बाण मामाने केले. दहाव्याला गोलूचे बाबा मदतीला आले. सोळाव्याला चष्मा लागला, बावीसाव्याला आवाज चढला. गोलू तेवढ्या वेळात अंगणात जाऊन मांजराशी खेळून आला. शेवटी विमान तयार झाले, टाळ्या झाल्या, आणि ते विमान आज तीन वर्षे शोकेसमध्ये विमानच आहे. कारण त्याचा परत माणूस करायचा म्हणजे दोन माणसांची सुटी पाहिजे. अशा खेळण्यात खेळ असतो, नाही असे नाही. पण तो कारखान्यातल्या हुशार माणसाने आधीच खेळून घेतलेला असतो. आपण फक्त त्याच्या वहीवरून उतरवून काढायचे.

रूपांतराला किती वेळ लागावा यालाही काही प्रमाण आहे. आमचा अमरावती-अकोला रस्ता घ्या. जून २०२२ मध्ये या रस्त्यावर सलग १०५ तास ३३ मिनिटे काम करून ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर घातला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. आम्ही पेढे वाटले. पण त्याच्या आधी तो रस्ता जी वर्षानुवर्षे ना धड जुना, ना धड नवा अशा अर्धवट रूपात पडून होता, त्याची नोंद कोणत्याच बुकात नाही. ती आमच्या मणक्यांत आहे. तात्पर्य, रूपांतर झटपट व्हावे. गोलूच्या खेळण्याला पाच हिसके पुरतात. डोके वर, दोन हात बाहेर, दोन पाय खाली. कट्, कट्, कट्, कट्, कट्. सात वर्षांच्या हाताला हे एका मिनिटात येते आणि दुसऱ्या दिवशी डोळे मिटून येते.

डोळे मिटून येते, तिथेच खरी अडचण आहे असे मला पहिल्यांदा वाटले. आम्ही अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने आलो. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. बोरगाव येईपर्यंत गोलूने मोटारीचा माणूस आणि माणसाची मोटार निदान चाळीस वेळा केली असेल. तोंडाने आवाज नाही, लढाई नाही, गोष्ट नाही. नजर खिडकीबाहेर आणि बोटे आपली चाललेली. समोरचे एक गृहस्थ तितक्याच एकाग्रतेने तंबाखू चोळत होते. त्यांचे लक्षही खिडकीबाहेरच होते. खेळणे आणि तंबाखू यांत फरक एवढाच, की चाळीस वेळा चोळल्यावर तंबाखू निदान खाता येते.

मग मूर्तिजापूरच्या अलीकडे केव्हातरी 'कट्' थांबले. पाहतो तो खेळणे मांडीवर अर्धवट. डोके वर, एक हात बाहेर, पाय मोटारीतच.

"का रे, अडकलं का?"

"नाही. हा पाणी पिऊन रायला."

"माणूस हाय का गाडी?"

"आबाजी," गोलू मला समजावत म्हणाला, "पाणी पेताना कोनी माणूस बी नसते अन् गाडी बी नसते."

पुढे तो अर्धवट प्राणी कुरुमपर्यंत कुत्रा होता. मग दोन्ही पाय बाहेर आणि डोके आत असा तो पूल झाला, आणि त्या पुलावरून माझ्या चष्म्याची डबी गेली. बडनेऱ्याला उतरताना तो एका हाताने गोलूच्या खिशाला लटकलेला होता आणि त्याला ताप आलेला होता.

तेव्हा मी हिशेब केला. पाच सांधे. प्रत्येकाच्या दोन अवस्था, आत नाहीतर बाहेर. दोन गुणिले दोन, असे पाच वेळा, म्हणजे एकूण ३२ रूपे. त्यांतली दोन कंपनीची, पुठ्ठ्यावर छापलेली. उरलेली ३० गोलूची. त्यांचे चित्र कुठे नाही, नाव कुठे नाही, आणि ती करण्याबद्दल कुणी टाळ्याही वाजवत नाही. पण खेळमूल्य म्हणून जे काही आहे ते सगळे त्या तिसांत आहे. मोठी माणसे मुलाच्या हातात असले खेळणे देतात आणि लगेच विचारतात, "दाखव पाहू, याचं काय होतं?" तो बिचारा दाखवतो. दोन रूपे दाखवून मोकळा होतो. तीस आपली खिशात ठेवतो.

पंडित मंडळी म्हणतील, तीस ही काय संख्या झाली? तेही खरे. लेगोच्या आठ बुटणांच्या एकसारख्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारांनी जोडता येतात असे गणितज्ञांनी मोजले आहे. सायमन निकल्सन नावाच्या ब्रिटिश गृहस्थांनी १९७१ मध्ये एका लेखात मांडले होते, की मुलांभोवती सुट्या, हलवता-बदलता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितकी त्यांची कल्पकता फुलते. आणि आपण मोठी माणसे सगळा मजेचा भाग स्वतः उरकून मुलांना तयार माल देतो. चौतीस बाणांचा कागद त्यांनी पाहिला असता तर त्यांनी आणखी एक लेख लिहिला असता.

आपल्याकडेही हे सांगणारे झाले. लग्नाने अमरावतीकर झालेल्या आणि पुढे देशभर नाव झालेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, तेव्हा परदेशी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, खडे, बिया, पाने यांचीच साधने केली. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून अख्खी भूमिती उभी केली. आणि कागदाची घडी तर घरोघरी होती. एकाच चौकोनी कागदाची नांगरहोडी व्हायची, तिचे पाकीट व्हायचे, पाकिटाचा सदरा व्हायचा, आणि तो कागद उत्तरपत्रिकेचा असला तर शेवटी घरात रामायणही व्हायचे. साठ रुपयांच्या यंत्रमानवाचा खरा आजोबा तो कागद.

इथपर्यंत आले की आमच्या वयाच्या माणसाला "आमच्या वेळी" असा झटका येतो. आमच्या वेळी म्हणे आम्ही जवारीच्या धांड्याची बंडी करत होतो. करत होतो, हे खरे. धांडा सोलायचा, आतल्या भेंडाची चाके करायची, सालीच्या काड्या टोचून जू, साटा, सगळे जागच्या जागी. पण तिच्याबद्दल बोलताना दोन गोष्टी लोक सांगत नाहीत. एक, त्या सालीने बोट असे चिरायचे की आई हळद लावताना वर दोन धपाटेही लावायची. दुसरी, ती बंडी संध्याकाळपर्यंत टिकायची नाही. गोठ्यातले खरे बैलच ती खाऊन टाकायचे. आणि आज कुणी हौसेने करायची म्हटली तर धांडा आणायचा कुठून? जिथे पाहावे तिथे जवारी होती त्या शिवारात आता सोयाबीन आणि पऱ्हाटी. सोयाबीनच्या काडीची बंडी होत नाही. खेळणे मुलांनी टाकले असे आपण म्हणतो. मला वाटते, आधी ते शेताने टाकले.

हे सगळे मला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी फारच जवळून पाहायला मिळाले. परप्रांतीय वाचकांसाठी सांगतो: श्रावणातल्या अमावास्येला बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात मुलांचा पोळा असतो. चाके लावलेला लाकडी नंदी सजवायचा, दोरीने ओढत न्यायचा, घरोघरी बोजारा मागायचा. आमच्या कॉलनीत त्या दिवशी सजावटीची स्पर्धा असते आणि परीक्षक म्हणून माझ्यासह तिघांना बसवले होते. दुसरे एक निवृत्त कृषी अधिकारी, तिसऱ्या महिला मंडळाच्या एक वहिनी.

नंदी एकाहून एक. एक तर पुरुषभर उंच. त्याला त्याच्या मालकाच्या वडिलांनी छोट्या टेम्पोतून आणला होता. शिंगांना बेगड, पाठीवर मखमली झूल, गळ्यात घुंगरमाळा, डोळे खऱ्यासारखे. मालक, वय वर्षे पाच, बाजूला उभा होता. त्याला नंदीला हात लावायची परवानगी नव्हती. रंग ओला होता. मी सुताराच्या कामाला पूर्ण गुण दिले. खरोखर सुरेख काम होते. पण खेळणे म्हणून? वर्षातून एक दिवस उतरवायचे, धूळ पुसायची, फोटो काढायचा आणि परत माळ्यावर. त्याचे रूपांतर होत नाही हा दोष नव्हे. वीतभर लाकडी बैलाचे पोरे दिवसभरात घोडा, उशी आणि हातोडा असे काहीही करतात. पुरुषभर नंदीचा मात्र फक्त पहिला नंबर होतो.

रांगेच्या शेवटी गोलू. पाहुणा असल्यामुळे त्याच्याकडे नंदी नव्हता. त्याने दोऱ्याला यंत्रमानव बांधून आणला होता. पाठीवर चॉकलेटच्या चांदीची झूल, कपाळावर कुंकवाचा ठिपका.

वहिनी म्हणाल्या, "बाळा, बैल कुठी हाय तुहा?"

"हाच त हाय."

"याले शिंगं नाहीत ना पण."

"आमच्या गावाकडच्या ट्रॅक्टरले बी नाहीत."

कृषी अधिकारी पुढे झुकले. "मंग हा करते काय?"

"हा दिवसा वखरते," गोलूने कट्, कट्, कट्, कट्, कट् करून त्याला उभा केला, "अन् संध्याकायी माणूस होऊन घरी जाते."

साहेब जरा वेळ काही बोलले नाहीत. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "आमच्या बैलायले हे जमलं असतं त आमी त्यायले इकलं नसतं."

आयोजकांनी नियम काढला. स्पर्धा बैलांची, यंत्राची नव्हे. मी म्हटले, उद्या या मैदानात ज्यांच्या घरी खरा बैल आहे त्यांनीच यावे असा नियम काढा, म्हणजे मंडपाचा खर्च वाचेल. गुणपत्रिकेत लाकूडकाम, सजावट, पोशाख असे तीन रकाने होते. मी पेनने चौथा आखला, 'खेळ', आणि पहिल्या अकरा नंदींसमोर शून्य मांडून गोलूसमोर दहा मांडले. तो रकाना बेरजेत धरला गेला नाही. पहिला नंबर टेम्पोतल्या नंदीला गेला, आणि गोलूला सगळ्यांबरोबर अकरा रुपये आणि एक पेन मिळाला.

पण खरे परीक्षण पुढेच झाले. बक्षीस समारंभात पाहुण्यांचे भाषण चालू असताना मंडपामागे गर्दी दिसली. यच्चयावत पोट्टे गोलूभोवती. एकेकाची पाळी, प्रत्येकाला पाच हिसके. पहिल्या नंबरचा मालकही त्या रांगेत होता, बक्षिसाची ढाल काखेत मारून. तो म्हणाला, "याची गाय होते का?" गोलू म्हणाला, "करून पाह्य." आणि त्याने केली. मी पाहिली, गायच होती. इकडे अकरा नंदी ओळीने उभे, आणि त्यांच्याशेजारी अकरा बाप.

तिथेच विसाव्या की एकविसाव्या हातात खेळण्याचा डावा हात मोडला. सगळे गप्प. गोलूने दोन्ही तुकडे पाहिले. चाक त्या हातालाच होते, त्यामुळे मोटारही आता लंगडी. मला वाटले, रडतो. तो म्हणाला, "पंक्चर झाला." आणि पुढच्या अर्ध्या तासात मोडका हात ही स्पॅनर, स्टेपनी आणि शेवटी त्या यंत्रमानवाचे लेकरू झाली. आता सांधे चार, म्हणजे रूपे १६, आणि वर एक सुटा भाग. निकल्सनसाहेब असते तर त्यांनी बोजारा दिला असता.

परीक्षणात दोष दाखवावेच लागतात. रंग तोंडावर न बसता कानाजवळ बसला आहे, त्यामुळे हा योद्धा कुणी बोलावल्यासारखा कायम बाजूला पाहतो. कडा धारदार आहेत. २०२० च्या सरकारी आदेशाप्रमाणे १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचे चिन्ह असायला हवे. या पुठ्ठ्यावर मूठ वळलेला राक्षस आहे, उडणारी आग आहे, चिन्ह नाही. मोडल्यावर जो तुकडा सात वर्षांच्या पोराला स्पॅनर होतो, तोच दीड वर्षाच्या लेकराच्या घशात जाऊ शकतो. तेव्हा ज्या वयात जग तोंडाने वाचतात, त्या वयाच्या वाचकाने हा ग्रंथ हाताळू नये, आणि इतरांनीही चिन्ह पाहून विकत घ्यावा. पोराने दुकानदाराला सोडले तरी बापाने सोडू नये.

भाषा? 'कट्' हे एकच अक्षर, पण अर्थवाही. पात्रे? एक, पण ३२ वेळा. कथानक? वाचकाने आणायचे. संदेश? नाही, हा मोठाच गुण. आजकालच्या खेळण्यांतून मुलाला रंग शिकवतात, आकडे शिकवतात, इंग्रजी शिकवतात. हा बापडा काहीच शिकवत नाही.

अमेरिकेत म्हणे या खेळण्यांचे मोठे संग्राहक आहेत. १९८४ चा डबा, न उघडलेला, आतला माणूस अजून मोटारच आहे किंवा मोटार अजून माणूसच आहे, अशा अवस्थेत ते काचेमागे ठेवतात. आणि डबा उघडला की किंमत पडते. चाळीस वर्षे एकही 'कट्' नाही. त्या डब्यातला बंबलबी मला आमच्या पहिल्या नंबरच्या नंदीचा सख्खा भाऊ वाटतो.

मराठी परीक्षणाचा शेवट ठरलेला असतो: "प्रत्येकाने संग्रही ठेवावे असे पुस्तक." मीही परंपरा सोडत नाही. खेळणे प्रत्येकाने घ्यावे, पोराच्या हाती द्यावे, काय होते ते विचारू नये. संग्रही मात्र ठेवू नये.